जन्मदाखला नसलेले आत्मचरित्र : एरिक हॉफर यांचे ‘ट्रुथ इमॅजिन्ड’ कसे वाचावे

सान फ्रान्सिस्कोच्या बंदरात १९४३ पासून १९६७ पर्यंत जहाजांवरील माल चढवण्या-उतरवण्याचे काम करणारे एरिक हॉफर यांनी आपल्या पूर्वायुष्याची जी हकीकत लिहून ठेवली, ती १९८३ साली, म्हणजे त्यांचे निधन झाले त्याच वर्षी, ‘ट्रुथ इमॅजिन्ड’ या नावाने पुस्तकरूपात आली. पुस्तक शंभर पानांच्या आतले आहे, प्रकरणे लहान आहेत आणि भाषा इतकी साधी आहे की दुपारी हातात घेतलेले पुस्तक दिवेलागणीपर्यंत वाचून होते. अडचण त्यानंतर सुरू होते. जो माणूस स्वतःच्या सांगण्यानुसार एक दिवसही शाळेत गेला नाही, त्याने विसाव्या शतकातील जनआंदोलनांविषयीचे सर्वाधिक चर्चिलेल्या पुस्तकांपैकी एक पुस्तक लिहिले ते कशाच्या बळावर, हा पहिला प्रश्न. आणि या आत्मचरित्रातील बऱ्याच गोष्टींना कागदाचा पुरावा मिळत नसताना त्यावर विश्वास किती आणि कसा ठेवायचा, हा दुसरा. हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि ते सोडवल्याशिवाय हे छोटे पुस्तक हाती लागत नाही, असे माझे मत आहे.

आधी हकीकत पाहू. मराठीत ऐकीव गोष्ट सांगताना आपण वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ हा शब्द जोडतो. हॉफर यांच्या बालपणाविषयीच्या प्रत्येक वाक्याला तो जोडलेला आहे असे समजूनच पुढचा मजकूर वाचावा. त्यांचा जन्म १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. आईवडील युरोपातील अल्सास प्रांतातून आलेले जर्मनभाषक होते. वडील लाकडी कपाटे आणि फर्निचर करणारे सुतार होते, पण घरात इंग्रजी आणि जर्मन पुस्तकांचा चांगला संग्रह होता आणि पाच वर्षांच्या एरिकला दोन्ही भाषा वाचता येत होत्या. एके दिवशी त्याला कडेवर घेतलेली आई जिन्यावरून पडली. पुढे काही काळात ती वारली आणि वयाच्या सातव्या वर्षी मुलाची दृष्टी गेली. आंधळ्या मुलाला मार्था बाउअर नावाच्या बव्हेरियातील एका खेडवळ स्त्रीने वाढवले. पंधराव्या वर्षी, जशी गेली तशीच अचानक, दृष्टी परत आली. ती पुन्हा जाईल या धास्तीने तो मुलगा वाचत सुटला. घराजवळ जुन्या पुस्तकांचे दुकान होते. तेथे त्याची नजर दस्तयेव्हस्कीच्या ‘इडियट’ या कादंबरीच्या नावावर खिळली, कारण वडिलांच्या तोंडून स्वतःविषयी तोच शब्द त्याने एकदा ऐकला होता. ती कादंबरी त्यांनी पुढे आयुष्यात अनेकदा वाचली.

पहिल्या महायुद्धानंतर मार्था जर्मनीला परतली. १९२० मध्ये वडील वारले, तेव्हा सुतारांच्या संघटनेने अंत्यविधीचा खर्च केला आणि सुमारे तीनशे डॉलर मुलाच्या हातावर ठेवले. आपल्या घराण्यात कुणी पन्नाशी गाठत नाही, तेव्हा आपल्यालाही चाळिशीपलीकडे आयुष्य नाही, ही गोष्ट मार्थाने त्याच्या मनात इतकी पक्की बसवली होती की भविष्याची तजवीज करण्याची चिंता त्याला उरलीच नव्हती. थंडीत कुडकुडावे लागणार नाही आणि झाडावर फळे असतील, एवढ्या हिशेबाने त्याने कॅलिफोर्नियाची वाट धरली. लॉस एंजेलिसमध्ये सार्वजनिक ग्रंथालयाजवळ खोली घेतली, भाडे आगाऊ भरले आणि पैसे संपेपर्यंत वाचत बसला. पैसे संपले तेव्हा उपासमार झाली. मग एका खानावळीत जेवणाच्या मोबदल्यात भांडी घासली आणि तेथेच त्याला समजले की शहरात रोजंदारीची कामे देणारी सरकारी कचेरी आहे. त्यानंतरची दहा वर्षे त्याने हातावर पोट असलेल्या, बेघर माणसांच्या वस्तीत काढली.

या दहा वर्षांतील एक प्रसंग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. रोजंदारीवर दारोदार संत्री विकण्याचे काम त्यांना मिळाले. पहिले दार ठोठावताना तोंडातून शब्द फुटेना. पण एकदा जीभ सैल झाल्यावर आपल्याला विक्री उत्तम जमते, असे त्यांच्या लक्षात आले. फळे तुमच्याच बागेतली का, असे घराघरांतून विचारले जाऊ लागले आणि ते बिनदिक्कत हो म्हणू लागले. मग त्या ‘हो’ला बागेची वर्णने जोडली गेली, त्यात आणखी तपशील भरले गेले आणि टोपल्या भराभर रिकाम्या होऊ लागल्या. मालक खूश होता. हॉफर यांनी मात्र काम सोडले. थोड्याशा फायद्यासाठी आपण इतक्या सहजपणे खोटे बोलू शकतो, याची त्यांना भीती वाटली. हा प्रसंग पुस्तकात हलक्या हाताने येऊन जातो आणि वाचकही तो गमतीदार म्हणून पुढे जाऊ शकतो. पण आत्मचरित्राच्या खरेपणाविषयी शंका घेणाऱ्याने त्यावर बोट ठेवून थांबले पाहिजे, कारण ओघवती गोष्ट सांगण्याची आपली हातोटी आपल्याला कोठवर नेऊ शकते, हे लेखकाने येथे स्वतःच नोंदवून ठेवले आहे.

१९३१ मध्ये, साठवलेले पैसे संपत आले असताना, त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. ऑक्झॅलिक ॲसिडची बाटली घेऊन ते शहराबाहेर चालत गेले, एक घोट तोंडात घेतला, जिभेला आणि टाळूला असंख्य सुया टोचल्यासारखे झाले आणि त्यांनी तो थुंकून टाकला. त्या क्षणी त्यांच्या मनात आले ते चित्र एका न संपणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्याचे होते. शहरातील मजुराचे रोजचे तेच ते जिणे आणि मरण यांच्या पलीकडे तिसरी शक्यता आहे, आणि ती म्हणजे रस्ता. ते परतले, पोटभर जेवले आणि काही दिवसांत पाठीवर पडशी टाकून लॉस एंजेलिसमधून बाहेर पडले. पुढील दहा वर्षे हंगामाप्रमाणे पिकांमागे फिरणारा शेतमजूर म्हणून गेली.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळता येते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाचे शिक्षण झाले कसे?

त्याचे उत्तर पुस्तकात विखुरलेले आहे आणि ते आश्चर्य वाटावे इतके व्यवहारी आहे. कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात रेल्वेमार्गाच्या कडेने जी गावे आहेत, त्यांतील बऱ्याच गावांच्या सार्वजनिक ग्रंथालयांचे सदस्यत्व हॉफर यांच्याकडे होते. ज्या गावाजवळ वेचणी किंवा तोडणी असेल, तेथे ग्रंथालयाजवळ स्वस्त खोली घ्यायची, दिवसभर शेतात राबायचे आणि संध्याकाळी पुस्तक घेऊन बसायचे. काय वाचायचे हे सांगणारे कुणी नसल्यामुळे एखादा प्रश्न मनात आला की त्याच्या मागे लागून ते वनस्पतिशास्त्रापासून रसायनशास्त्रापर्यंत पोहोचत. शेतात झाडे पाहिली, मूळ खाली आणि खोड वर का जाते हा प्रश्न पडला, तर त्याचे उत्तर मिळेपर्यंत त्या विषयाचे पाठ्यपुस्तक वाचायचे. परीक्षा नव्हती, त्यामुळे अर्धे समजून पुढे जाण्याची सक्तीही नव्हती.

१९३६ च्या हिवाळ्यात ते सोने शोधण्यासाठी नेव्हाडा सिटी या गावाजवळच्या डोंगरात जाणार होते. बर्फ पडले की वाट बंद होणार आणि तेथेच अडकून पडावे लागणार, हे उघड होते. म्हणून जाण्यापूर्वी ते सान फ्रान्सिस्कोतील जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. त्यांना पुस्तक कशाविषयीचे आहे याच्याशी कर्तव्य नव्हते. ते जाडजूड हवे, टाइप बारीक हवा आणि आत चित्रे नसावीत, एवढीच अट होती, म्हणजे ते हिवाळाभर पुरेल. अशा मापाचे एक पुस्तक त्यांना एका डॉलरला मिळाले. ते होते सोळाव्या शतकातील फ्रेंच लेखक माँतेन्य यांचे निबंध. बर्फाने वाट बंद केली आणि हॉफर यांनी ते पुस्तक तीनदा वाचले, इतके की त्यातील बराच भाग तोंडपाठ झाला. चारशे वर्षांपूर्वीचा एक सरदार आपल्याविषयीच लिहितो आहे, असे त्यांना वाटले. डोंगरातून उतरून ते सॅन वाकीन खोऱ्यात कामाला लागले तेव्हा बोलता बोलता माँतेन्यची वाक्ये तोंडातून येऊ लागली. सोबतच्या मजुरांना ते आवडले. बायकांवरून, पैशावरून, मरणावरून वाद निघाला की माँतेन्यचे यावर काय म्हणणे आहे, असे ते हॉफर यांनाच विचारीत.

हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे तुकोबांचा अभंग जसा शेतात, बाजारात, भांडणात सहज तोंडी येतो, तसा एक फ्रेंच निबंधकार कापसाच्या शेतातील मजुरांच्या तोंडी काही काळ गेला. हॉफर यांच्या लेखनशैलीचे मूळही येथेच आहे. छोटे परिच्छेद, घट्ट विणलेली वाक्ये, एका विचाराला एकच पान, आणि स्वतःच्या अनुभवावरून माणसाच्या स्वभावाविषयी बोलण्याचे धाडस, हे सारे त्यांनी त्या डॉलरभर किमतीच्या पुस्तकातून उचलले.

पण पुस्तकांनी त्यांना बोलण्याची रीत दिली, बोलण्याचा विषय दिला तो एका छावणीने. १९३४ च्या हिवाळ्यात, महामंदीच्या काळात, मेक्सिकोच्या सीमेजवळील एल सेंट्रो या गावात ते केंद्र सरकारने बेघर फिरस्त्यांसाठी चालवलेल्या छावणीत काही आठवडे राहिले. तेथे सुमारे दोनशे माणसे होती. आतापर्यंत हॉफर यांनी एकेकट्या माणसांबरोबर काम केले होते. एवढे फिरस्ते एका छपराखाली, एका रांगेत, एकाच जेवणाच्या टेबलावर त्यांनी प्रथमच पाहिले. त्यांनी मोजणी सुरू केली. कुणाचा हात तुटलेला, कुणाचा पाय लंगडा, कुणी दारूत बुडालेला, कुणी म्हातारा, कुणी जुनाट आजाराने पोखरलेला, कुणी पोलिसांपासून लपलेला. धडधाकट आणि चारचौघांसारखी म्हणता येतील अशी माणसे त्यांच्या हिशेबात जेमतेम सत्तर भरली. म्हणजे बहुतेकांना स्थिर समाजात आपली जागा टिकवता आली नव्हती. आणि आपणही त्यांच्यापैकीच एक आहोत, हे त्यांना त्या मोजणीत प्रथम जाणवले.

छावणीतून बाहेर पडून चालत असताना वाळवंटातून फुलवलेल्या खजुराच्या बागा त्यांना दिसल्या. हे वाळवंट फुलवायला सर्वांत आधी कोण आले असेल, असा प्रश्न पडला. घरदार, शेतीवाडी, मानमरातब असलेला माणूस ते सोडून रणरणत्या उन्हात कशाला येईल? येणारा तोच, ज्याला मागे काही उरले नाही. म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागात वस्ती करणारे आद्य वसाहतकरी आणि छावणीतील हे टाकाऊ समजले जाणारे लोक एकाच मातीचे होते. ही गोष्ट त्यांनी जुन्या लोकांना विचारून पडताळली आणि पुढे १९५० च्या दशकात ‘नकोशा माणसांची भूमिका’ अशा आशयाच्या निबंधात मांडली. समाजाच्या मध्यभागी असलेली माणसे समाज टिकवतात. कडेला ढकललेली माणसे मात्र दोन्ही टोकांना जाऊ शकतात, ती नवे राष्ट्र उभारू शकतात आणि नवे अरिष्टही आणू शकतात.

१९५१ साली प्रसिद्ध झालेले ‘द ट्रू बिलीव्हर’ हे त्यांचे पहिले आणि सर्वांत गाजलेले पुस्तक या विचाराचा पुढचा टप्पा आहे, त्यामुळे आत्मचरित्र समजण्यासाठी त्याचा गाभा माहीत असणे आवश्यक आहे. सोप्या शब्दांत तो असा. आंदोलनात झोकून देणाऱ्या माणसाकडे पाहताना आपण त्याचा झेंडा पाहतो, त्याची विचारसरणी तपासतो. हॉफर सांगतात की झेंड्याकडे नंतर पाहा, आधी माणसाकडे पाहा. ज्याला स्वतःचे आयुष्य वाया गेल्यासारखे वाटते, ज्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला आहे, त्याला आपले नकोसे झालेले ‘मी’पण कोठेतरी टाकून द्यायचे असते. एखादे पवित्र कार्य त्याला ती सोय करून देते. स्वतःवरील गमावलेल्या विश्वासाची जागा कार्यावरील श्रद्धा घेते. म्हणूनच परस्परांचे हाडवैरी असलेले पक्ष एकाच प्रकारच्या तरुणांना ओढून घेतात, आणि एकातून निघालेला माणूस सहज दुसऱ्याच्या कट्टर अनुयायांत जाऊन बसतो. नाझी आणि कम्युनिस्ट यांच्या बाबतीत जर्मनीत हे घडले, असे उदाहरण ते देतात.

या पुस्तकातील आणखी एक विचार असा आहे की तो सुचण्यासाठी मजुरीच केलेली असावी लागते. अत्यंत गरीब माणूस सर्वांत आधी बंड करतो, हा समज त्यांना मान्य नाही. ज्याला आजच्या रात्रीच्या भाकरीची चिंता आहे, त्याचा दिवस उद्दिष्टाने भरलेला असतो, संध्याकाळी पोटात अन्न गेले म्हणजे त्याला आज काहीतरी जिंकल्यासारखे वाटते. असंतोष अधिक धुमसतो तो कालपर्यंत बरे चाललेल्या आणि आज घसरलेल्या माणसाच्या मनात, किंवा थोडे मिळून आणखी मिळण्याची चव लागलेल्याच्या मनात. लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर उपाशी फिरल्यानंतर मिळालेल्या पहिल्या जेवणाची आठवण ज्याने लिहून ठेवली आहे, त्याच्या तोंडी हे विधान वेगळे वजन घेऊन येते. आत्मचरित्र आणि सिद्धान्त यांचे नाते असे आहे. एकात जेवणाचे ताट आहे आणि दुसऱ्यात त्या ताटावरून काढलेला निष्कर्ष आहे.

आता दुसरा, अधिक अवघड प्रश्न. हे सगळे खरे आहे का?

टॉम बेथेल या पत्रकाराने २०१२ साली हॉफर यांचे चरित्र प्रसिद्ध केले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील हूवर संस्थेत हॉफर यांचे कागद आणि शंभराहून अधिक वह्या जतन केलेल्या आहेत. त्या चाळूनही न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या वर्षांना दुजोरा देणारा कागद किंवा साक्षीदार बेथेल यांना मिळाला नाही. जन्मसालही एका ठिकाणी १९०२ तर दुसऱ्या ठिकाणी १८९८ असे येते. ब्राँक्समध्ये जन्मून वाढलेल्या माणसाचे इंग्रजी आयुष्यभर जड जर्मन वळणाचे राहावे, हेही खटकणारे आहे. हॉफर त्याचे श्रेय मार्थाच्या बोलीला देत. त्यांचा जन्म कदाचित अमेरिकेत झालाच नसावा आणि रीतसर कागदपत्रांशिवाय आलेल्या माणसाने आपला भूतकाळ झाकण्यासाठी अंधत्वाची आणि अनाथपणाची कथा रचली असावी, अशी शक्यता बेथेल मांडतात. ती शक्यताच आहे. सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

अशा वेळी वाचक दोनपैकी एक टोक गाठतो. काहीजण पुस्तक बाजूला ठेवतात, कारण ज्याचा पहिला भाग डळमळीत त्याच्या उरलेल्या भागावर विश्वास का ठेवावा. काहीजण शंका घेणेच असभ्य मानतात, कारण कष्टकरी माणसाकडे पुरावा मागणे म्हणजे त्याचा अपमान करणे. मला दोन्ही भूमिका घाईच्या वाटतात. कागद नसणे हे खोटेपणाचे लक्षण ठरवताना एक गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे कागद साठतात ते घर असलेल्या माणसाकडे. भाड्याच्या खोल्या, मालगाड्या आणि छावण्या यांतून वीस वर्षे फिरणाऱ्याच्या पडशीत जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि जुनी पत्रे कशी राहतील? परंतु त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे की अंधत्व, अचानक परतलेली दृष्टी, चाळिशीत मरणाचे भाकीत यांची मांडणी फारच सुबक आहे, आणि मुलाखतींतून ती पुन्हा पुन्हा सांगितली गेल्यामुळे घासून गुळगुळीत झालेली आहे.

माझ्या मते येथे पुस्तकाचे नावच मदतीला येते. ‘ट्रुथ इमॅजिन्ड’ म्हणजे कल्पनेने उभे केलेले सत्य. हे नाव ज्या पुस्तकाला दिले आहे, ते पुस्तक न्यायालयातील साक्षीसारखे वाचणे हीच चूक आहे. त्याचा अर्थ काहीही सांगितलेले चालेल, असा मात्र होत नाही. पुस्तकातील विधानांचे थर वेगळे करावे लागतात. जन्म, आईचा मृत्यू, दृष्टी यांविषयीची विधाने पडताळता येत नाहीत, तेव्हा ती लेखकाने स्वतःविषयी निवडलेली कथा म्हणून घ्यावीत आणि त्याने हीच कथा का निवडली, असे विचारावे. उत्तर फार दूर नाही. ज्याला शाळा मिळाली नाही, त्याने न शिकण्याचे कारण गरिबी न सांगता अंधत्व सांगितले आणि वाचनाची भूक ही दृष्टी जाण्याच्या भीतीतून आली असे सांगितले. आपले शिक्षण हा योगायोग नव्हता, त्याला काहीतरी नाट्यमय मूळ होते, असे मानण्याची गरज एकट्याने शिकलेल्या माणसाला भासणे स्वाभाविक आहे. याउलट छावण्या, हंगामी मजुरी, खोऱ्यातील गावे आणि ग्रंथालये यांविषयीचा भाग त्या काळाच्या इतिहासाशी जुळतो. फिरस्त्यांसाठीच्या सरकारी छावण्या त्या वर्षांत खरोखर चालत होत्या. आणि तिसरा थर विचारांचा. छावणीतील मोजणीतून निघालेला निष्कर्ष बरोबर की चूक, हे ठरवण्यासाठी हॉफर यांचा जन्म कोठे झाला हे कळण्याची गरज नाही.

या पुस्तकात जवळजवळ नसलेली एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. विचार करायला वेळ लागतो, आणि मजुराला वेळ कोण देतो?

१९३४ पूर्वी सान फ्रान्सिस्कोच्या बंदरात रोज पहाटे कामगार धक्क्यावर गोळा होत आणि टोळीचे मुकादम त्यांतून हवे त्यांना निवडत. निवड व्हावी म्हणून लाच द्यावी लागे, मर्जी सांभाळावी लागे. काम मिळाले तर अंगात त्राण असेपर्यंत राबायचे, न मिळाले तर रिकाम्या हाताने परतायचे. १९३४ च्या मे महिन्यापासून पश्चिम किनाऱ्यावरील बंदरे जवळजवळ तीन महिने संपाने बंद राहिली. ५ जुलैला सान फ्रान्सिस्कोत पोलिसांच्या गोळ्यांनी दोन माणसे मेली, त्यानंतर शहरात चार दिवसांचा सार्वत्रिक संप झाला. त्यातून जे मिळाले त्यात सर्वांत मोलाची होती ती कामवाटपाची व्यवस्था. कामगारांना जहाजावर पाठवणारा माणूस संघटनेने निवडलेला असे, आणि ज्याचे कामाचे तास कमी भरले असतील त्याची पाळी आधी येई. मुंबईच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. आपल्याकडेही गोदी कामगारांसाठी १९४८ चा आणि माथाडींसाठी १९६९ चा कायदा आला तो याच पहाटेच्या बाजारातून हमालाला सोडवण्यासाठी.

हॉफर १९४३ मध्ये या बंदरात आले. हर्निआमुळे सैन्याने त्यांना नाकारले होते. नव्या व्यवस्थेत त्यांना वाटले तर काम घ्यायचे आणि नको तेव्हा घरी बसायचे, अशी मोकळीक मिळाली, आणि नोकरी जाण्याची भीतीही नव्हती. आठवड्यातील काही दिवस माल वाहून ते उरलेले दिवस लिहीत. एका लहान खोलीत फळीचे मेज, वह्या आणि टाचणांची कार्डे, एवढा त्यांचा संसार होता. ‘द ट्रू बिलीव्हर’चे हस्तलिखित त्यांनी हाताने लिहूनच न्यूयॉर्कच्या प्रकाशकाकडे पाठवले. त्यांच्या लेखनाला पूर्वी उत्तेजन देणाऱ्या ‘कॉमन ग्राउंड’ या नियतकालिकाच्या संपादक मार्गारेट अँडरसन यांना ते अर्पण केलेले आहे.

आत्मचरित्र मुख्यतः बंदरापूर्वीच्या आयुष्याविषयी असल्यामुळे त्यात एकटा माणूस, रस्ता आणि पुस्तके एवढेच दिसते, आणि हॉफर यांची प्रतिमाही एकट्याने घडलेल्या माणसाची झाली. संघटनेचे पुढारी हॅरी ब्रिजेस यांचे डावे राजकारण त्यांना मुळीच पटत नसे. समूहात विरघळणाऱ्या माणसाविषयी इतक्या कठोरपणे लिहिणाऱ्याला लिहिण्याची फुरसत मात्र इतरांनी समूहाने लढून मिळवून दिली होती. यात त्यांचा कमीपणा दाखवावा असा माझा हेतू नाही, कारण आपल्या संघटनेतील साध्या कामगारांच्या शहाणपणाचे त्यांनी इतरत्र मनापासून कौतुक केले आहे. परंतु एकलव्याची कथा सांगताना त्याला अरण्यात सरावासाठी वेळ कसा मिळाला, हे आपण सहसा विचारत नाही, तसे येथे होऊ नये.

स्वयंशिक्षणाच्या मर्यादाही पुस्तकाशेजारी ठेवून पाहाव्यात. हॉफर यांना ठाशीव विधानाचा मोह होता. एक अनुभव, एक ऐतिहासिक दाखला आणि लगेच सर्व मानवजातीला लागू होणारे वाक्य, अशी त्यांची पद्धत. ‘द ट्रू बिलीव्हर’मध्ये आरंभीचे ख्रिस्ती, फ्रेंच क्रांतिकारक आणि नाझी एकाच मापाने मोजले जातात, तेव्हा अन्यायाविरुद्ध विचारपूर्वक उभा राहिलेला माणूस आणि स्वतःपासून पळणारा माणूस यांतील फरक पुसट होतो. विद्वानांविषयी त्यांच्या मनात कायम अढी राहिली, जरी १९६४ पासून बर्कलीच्या विद्यापीठात ते विद्यार्थ्यांशी दर आठवड्याला चर्चा करीत असत. व्हिएतनाम युद्धाला त्यांनी पाठिंबा दिला आणि विद्यार्थ्यांच्या आंदोलनांवर कडाडून टीका केली. त्यामुळे १९६७ मधील दूरचित्रवाणीवरील मुलाखतीनंतर ते घराघरांत पोहोचले तसे अनेकांच्या मनातून उतरलेही. १९८३ च्या आरंभी त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते दिले जाणारे स्वातंत्र्यपदक जाहीर झाले, त्या वेळी हे सर्व त्यांच्या नावाशी जोडलेले होते. आत्मचरित्रात या उत्तरायुष्याचा मागमूस नाही, आणि रस्त्यावरचा तरुण हॉफर वाचताना तो मनात आणण्याची सक्तीही नाही. मात्र निर्णय पटकन देण्याची सवय तरुणपणीच लागली होती, हे एल सेंट्रोच्या मोजणीतही दिसते.

ज्याला या माणसाची हकीकत ‘म्हणे’ न लावता वाचायची असेल, त्याने ‘ट्रुथ इमॅजिन्ड’ संपल्यावर त्यांचे ‘वर्किंग अँड थिंकिंग ऑन द वॉटरफ्रंट’ हे पुस्तक उघडावे. १९६९ साली छापलेली ती १९५८ च्या जून ते १९५९ च्या मे महिन्यापर्यंतची रोजनिशी आहे. तिच्यात बालपण नाही, अंधत्व नाही, सोन्याचा डोंगर नाही. आज कोणत्या धक्क्यावर कोणते जहाज होते, किती तास काम झाले, सोबतचा गडी कसा होता, अंग किती दुखते आहे, आणि त्याच नोंदीत, एक ओळ खाली, आशियातील नवी राष्ट्रे कोणत्या वाटेने जातील याविषयी दुपारभर डोक्यात घोळलेला विचार.